आईचं मनगट मोडलंय, प्लेट घालायची की प्लास्टरवर भागेल? (बोटांच्या सांध्याचे अनुभवही लिहा)

नंदगडकर | ८ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. घाईत लिहालोय, शुद्धलेखन बघू नका. आमच्या आईचं (वय ६७) रविवारी सकाळी उजवं मनगट मोडलं. गोठ्यातून दुधाची किटली घेऊन येताना अंगणातल्या शेवाळावर पाय सरकला आणि सगळा भार तळहातावर आला. खानापूर भागात जुलैचा पाऊस कसा असतो ते इथल्यांना सांगायला नको, आठ आठ दिवस फरशी वाळत नाही. उचलून बसवलो तर मनगटाच्या वरच्या अंगाला उंचवटा आणि त्याच्या मागं खळगा, बघूनच कळलं की हे मुरगळणं नव्हे.

हात बघता बघता सुजला. बांगड्या रुतायला लागल्या तरी आई काढू देईना, तुझे बाबा धडधाकट समोर बसलेत आणि बांगड्या कशाला वाढवायच्या म्हणून. शेजारच्या काकूंनी साबण लावून दोन काढल्या, बाकीच्या शेवटी वाढवाव्याच लागल्या. अंगठी मात्र अजून बोटातच आहे.

तालुक्याला एक्स-रे काढून कच्चं प्लास्टर घातलेत. तिथले डॉक्टर म्हणाले वय बघता प्लास्टरवर जुळेल, आठवड्याने परत दाखवा. आज बेळगावात दुसऱ्यांना दाखवलो तर ते म्हणाले चीर सांध्यापर्यंत गेली आहे, प्लेट घातलेली बरी, आणि खर्चाचा कागद दिले तो बघून मी गप्पच झालो. दोघंही नीट बोलले, कुणी फसवतंय असं मला वाटलं नाही. पण मी ऐकू कुणाचं? आई दोन म्हशींची धार काढते, रोज पंधरा-वीस भाकऱ्या थापते, तिला हात लागतोच.

आणि विषय निघालाच आहे तर, धाकट्या भावाचं पण मधल्या बोटाचं टोक गेल्या वर्षी क्रिकेटमध्ये बॉल लागून खाली पडलंय ते सरळच होत नाही. त्याचंही काही करता येतं का.


मावशी_शहापूर | ८ जुलै, रात्री १०:०५

अरे बाळा प्लेटचं उद्या बघू, आधी ती अंगठी काढ. आत्ता. सूज अजून वाढली तर बोट काळं पडायला वेळ लागत नाही. हात दोन उशांवर उंच ठेव, छातीच्या वर. मग शिवणाचा गुळगुळीत दोरा घे, त्याचं एक टोक अंगठीच्या खालून तळहाताकडे ओवून घे, आणि उरलेला दोरा अंगठीच्या पुढं नखाच्या दिशेने घट्ट जवळजवळ गुंडाळत सांध्याच्या पलीकडं ने. मग तळहाताकडचं टोक धरून हळूहळू उलगडत ये, एकेका वेढ्याबरोबर अंगठी पुढं सरकते. माझ्या सासूबाईंची अशीच काढलेली. दुखत असेल तर नाद सोड आणि सरळ दवाखान्यात कापून घे, अंगठी परत जोडता येते.


ऑर्थोवाला_मिरज | ८ जुलै, रात्री ११:२०

मी मिरजेत ऑर्थोपेडिकचं शिक्षण घेतोय, मूळचा बेळगाव तालुक्यातलाच. फिल्म बघितल्याशिवाय इथून निर्णय देणार नाही, पण दोन डॉक्टरांची दोन मतं का झाली असतील ते सांगतो म्हणजे तुम्हाला त्यांना प्रश्न विचारता येतील.

अंगठ्याच्या बाजूचं जे हाताचं हाड असतं त्याला रेडियस म्हणतात, ते मनगटाजवळ रुंद आणि ठिसूळ असतं. हात टेकून पडलं की तिथेच मोडतं आणि तुटलेला तुकडा मागच्या बाजूला उलटतो. १८१४ साली डब्लिनच्या अब्राहम कॉलीस यांनी याचं वर्णन लिहिलं तेव्हा एक्स-रे नव्हतेच, नुसत्या हाताच्या आकारावरून त्यांनी ओळखलं, तुम्ही म्हणता तोच उंचवटा आणि खळगा. म्हणून याला अजून कॉलीस फ्रॅक्चर म्हणतात.

आता प्रश्न तीन. एक, हाड ओढून बसवल्यावर ते जागेवर राहतंय का. दोन, सांध्याच्या पृष्ठभागावर पायरी पडली आहे का, म्हणजे तुकडे वर-खाली राहिलेत का, २ मिलिमीटरपेक्षा मोठी पायरी राहिली तर पुढे सांधा झिजतो असं आम्हाला शिकवतात. तीन, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, पेशंट त्या हाताने काय काम करतो.

प्लास्टर सांगणारे डॉक्टर चुकीचे नाहीत. ६५ च्या वरच्या लोकांवर ऑस्ट्रियात झालेला एक अभ्यास २०११ साली आला होता, त्यात वर्षभरानंतर प्लेटवाल्यांचा आणि प्लास्टरवाल्यांचा हात हलण्यात आणि दुखण्यात फरक नव्हता, एक्स-रे मात्र प्लेटवाल्यांचे सरळ होते आणि मुठीची ताकद त्यांची जास्त होती. ब्रिटनमध्ये २०१४ साली ४६१ पेशंटचा अभ्यास आला, तारा घालायच्या की प्लेट, तिथेही वर्षाने हाताचं काम सारखंच. पण त्यात एक मेख आहे ती लोक विसरतात, त्यात फक्त असे पेशंट घेतले होते ज्यांचा सांधा न उघडता बाहेरून ओढून नीट बसत होता. ज्याचा बसतच नाही त्याला तो निकाल लागू होत नाही.

त्यामुळे सरळ विचारा, डॉक्टर, बसवल्यानंतरच्या फिल्ममध्ये पायरी किती आहे, आणि प्लास्टर ठेवलं तर पुढचा एक्स-रे कधी. आठवड्याने एक्स-रे चुकवायचा नाही, कारण प्लास्टरच्या आत हाड सरकतं आणि बाहेरून काही कळत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या आत सरकलेलं कळलं तर ऑपरेशन सोपं, त्यानंतर वाकडं जुळायला सुरुवात होते.

आणि अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं, या बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा वाढत असेल, किंवा बोट दुसऱ्याने नुसतं सरळ केलं तरी जीव जाईल असं दुखत असेल तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच न्या.


खडेबाजार | ९ जुलै, सकाळी ७:१५

आमच्याकडे सगळे हाडवैद्याकडे जातात, कामट्या बांधतात, पाला आणि अंड्याचा लेप, आमच्या आजोबांचा हात तसाच जुळलेला. लाखभर घालण्याआधी एकदा दाखवून बघायला काय हरकत.


उद्यमबाग_फिटर | ९ जुलै, सकाळी ७:५०

@खडेबाजार हरकत आहे वो, माफ करा. आमच्या पाहुण्यांचा पोरगा, नऊ वर्षांचा, कोपराजवळ मोडलं होतं आणि हाडवैद्यानी आवळून बांधलं. पोरगं रात्रभर रडलं, घरचे म्हणाले हाड बसताना दुखतंच. तिसऱ्या दिवशी सोडलं तर बोटं गार आणि फुगलेली. आज तो अठराचा आहे आणि त्याच्या हाताची बोटं आत वळलेलीच आहेत, उघडत नाहीत. हाड जुळलं, हात गेला. हाडवैद्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही, पण आत रक्त फिरतंय का ते बघायची सोय त्याच्याकडे नव्हती.


ऑर्थोवाला_मिरज | ९ जुलै, सकाळी ८:३०

फिटरदादांनी सांगितलं त्याला फोल्कमान कॉन्ट्रॅक्चर म्हणतात, जर्मन सर्जन फोल्कमान यांनी १८८१ साली लिहून ठेवलंय की आवळलेल्या पट्टीने स्नायूंचं रक्त तुटतं आणि ते मरून आखडतात. हे आमच्या प्लास्टरनेही होतं, फक्त कामट्यांनीच नाही. म्हणून पहिल्या दिवसांत पूर्ण गोल प्लास्टर न घालता अर्धं, कच्चं घालतात, सूज यायला जागा राहावी म्हणून. प्लास्टर आवळलं तर ते आधी सोडायचं, मग बाकीचं बोलायचं.


उद्यमबाग_फिटर | ९ जुलै, दुपारी १:१०

बोटाच्या सांध्याचं विचारलाय म्हणून माझं सांगतो. चार वर्षांपूर्वी फौंड्रीत कास्टिंग उचलताना हातातनं सटकलं आणि डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट मधल्या पेरात उलटं झालं. शेजारच्यानी ओढून जाग्यावर बसवलं, टक्कन आवाज आला, सगळे म्हणाले बसलं. मीही तसंच समजलो. दोन दिवस पट्टी बांधून परत कामावर. बोट जाड राहिलं आणि वाकवायला गेलो की मागं निसटल्यासारखं व्हायचं. बाराव्या दिवशी एक्स-रे काढलो तर कळलं सांधा नुसता निखळला नव्हता, पुढच्या हाडाच्या तोंडाचा तळहाताकडचा तुकडा फुटलेला, त्यामुळं सांध्याला बूडच नव्हतं, बसवलं की परत सरकणार.

ऑपरेशन काखेजवळ इंजेक्शन देऊन हात बधिर करून केले, मी जागा होतो. एक तार मागच्या हाडातनं आडवी, एक पुढच्या हाडातनं आडवी, दोन्ही बाजूला बाहेर वाकवून हुक केल्यासारखं, आणि त्या हुकांना रबर बँड. साधे रबर बँड वो, मी डोळ्यानी बघालोय. डॉक्टरांनी समजावून सांगितले, रबर पुढच्या हाडाला ओढून धरतं त्यामुळं सांध्याच्या आत दाब येत नाही, तुकडा जुळतो, आणि तेवढ्यात बोट वाकवत राहायचं म्हणजे सांधा आखडत नाही. सुझुकी म्हणतात त्या पद्धतीला, जपानी डॉक्टरांच्या नावावरनं. मला पाच आठवडे ठेवले. तारेच्या तोंडाशी रोज स्वच्छ करायचं, आणि तासातासाला दहा वेळा वाकवायचं. पहिल्या आठवड्यात डोळ्यात पाणी यायचं. पण आज बोट तळहाताला टेकायला अर्धा इंच कमी पडतंय एवढंच, पान्हा धरता येतो. डॉक्टर म्हणाले पहिल्या दिवशी आला असतास तर आणखी बरं झालं असतं. ते बारा दिवस मला अजून टोचतात.


लाल_माती_कडोली | ९ जुलै, रात्री ८:४५

फिटरदादा, माझी पण तीच रड, फक्त दिवस जास्त. कबड्डीत पकड करताना रेडरच्या चड्डीत बोट अडकलं आणि त्यानी झटका दिला. अनामिकेच्या टोकाला चटका बसला. सांधा सरळ, एक्स-रे नॉर्मल, सूज पण फार नाही, पण मूठ वळली की ते एक बोट टोकाला वाकायचंच नाही, बाकीची तीन वळलेली आणि हे नखापाशी ताठ. मला वाटलं सूज आहे उतरली की वाकेल. स्पर्धा होत्या, टेप लावून खेळलो. पाच आठवड्यांनी दाखवलं तेव्हा कळलं की बोट वाकवणारी शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, टेंडन) हाडावरनं उपटून तळहातात मागं गेलेली. एक्स-रेमध्ये शीर दिसत नाही हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर. आठ-दहा दिवसांत आला असता तर ओढून परत जागेवर शिवली असती म्हणाले, आता ती आखडली. पर्याय दोन सांगितले, दुसरीकडची शीर काढून दोन टप्प्यात बसवायची किंवा टोकाचा सांधा थोडा वाकवून कायमचा जाम करायचा. मी काहीच केलं नाही, चालतंय. पण आमच्या तालमीतल्या पोरांना आता मी एकच सांगतो, मूठ वळून बघा, एखादं टोक वाकत नसेल तर त्याच आठवड्यात दवाखाना.


फिजिओ_अनगोळ | १० जुलै, दुपारी ३:३०

खूप कामाचे अनुभव आलेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, हातांचेच पेशंट जास्त बघते, आणि मला या धाग्यावर मनापासून सांगायचंय की बोट "लहान" म्हणून त्याला वेळ न देणं हे मी आठवड्याला बघते आणि दर वेळी जीव तुटतो. मांडीचं हाड मोडलं तर माणूस उचलून नेतात, बोटाला हळद लावतात. आणि त्या बोटाच्या सांध्यात जागा अगदी थोडी असते, तिथं चूक पचत नाही.

@नंदगडकर तुमच्या भावाचं मॅलेट फिंगर आहे. बोटाच्या टोकाला वर उचलणारा पडदा तुटतो, कधी हाडाची कपची घेऊन तुटतो. बॉल लागून होतं, आणि गादीखाली चादर खोचताना पण होतं, माझ्याकडे तशा तीन बायका आल्यात. यात बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही. टोकाचा सांधा सरळ ठेवून स्प्लिंट, सहा ते आठ आठवडे, चोवीस तास. आंघोळीला सुद्धा नाही काढायचं. साफ करायला काढलं तर बोट टेबलावर सपाट टेकवून ठेवायचं, टोक हवेत सोडायचं नाही, कारण एकदा खाली पडलं की दिवस पहिल्यापासून मोजायचे. लोक तीन आठवडे छान ठेवतात आणि मग लग्नाला जायचं म्हणून काढतात. हाडाचा तुकडा सांध्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा मोठा असेल किंवा सांधा निसटत असेल तर तार घालावी लागते.

भावाला वर्ष झालंय म्हणजे स्प्लिंटने फार होणार नाही बहुतेक. मधला सांधा उलटा वाकायला लागलाय का बघा, म्हणजे मधल्या पेरात आत धसलेलं आणि टोक खाली, हंसाच्या मानेसारखं. तसं असेल तर नक्की दाखवा. नसेल आणि दुखत नसेल तर घाई नाही.

आईंबद्दल, प्लेट असो की प्लास्टर, आजपासून बोटं हलवायची. प्लास्टर तळहातावर बोटांच्या मुळाशी, मुठीच्या रेघेच्या मागे संपायला पाहिजे, तिथून पुढे आलं असेल तर कापून घ्या. पूर्ण मूठ, पूर्ण उघडी, अंगठा करंगळीला. खांदा आणि कोपर पण, नाहीतर मनगट बरं होतं आणि खांदा जाम होतो. हात गळ्यात अडकवून दिवसभर बसवू नका.


निपाणीकर_सूनबाई | १० जुलै, रात्री ९:००

मनगटाचं एक वेगळं लिहिते. आमच्या ह्यांची गाडी स्लिप झाली, मनगट दुखलं पण एक्स-रे क्लिअर, क्रेप बँडेज आणि गोळ्या. चार महिन्यांनी सुद्धा बाटलीचं झाकण उघडेना. शेवटी एका डॉक्टरांनी अंगठा ताणायला लावून त्याच्या मुळाशी जो खड्डा पडतो ना, त्यात दाबलं, आणि हे किंचाळलेच. स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं आणि जुळलेलंच नव्हतं. त्या हाडाला रक्त पुढच्या टोकाकडनं येतं म्हणे, त्यामुळं मधे मोडलं की मागचा तुकडा उपाशी राहतो. मग कमरेचं हाड थोडं काढून तिथं भरलं आणि डोकं नसलेला स्क्रू घातला, हर्बर्ट स्क्रू. दोन्ही टोकाला आटे असतात आणि सगळा हाडातच बुडतो. हाड जुळायला पुढं तीन महिने.

तिथं दाबून दुखत असेल आणि एक्स-रे क्लिअर असेल तरी प्लास्टर घालून दहा-चौदा दिवसांनी परत एक्स-रे किंवा एमआरआय करतात, हे मला नंतर कळलं.


ऑर्थोवाला_मिरज | १० जुलै, रात्री १०:१०

वहिनी अगदी बरोबर. फक्त वाचणाऱ्यांनी घाबरून सगळ्या स्कॅफॉइडला स्क्रू मागू नका. २०२० साली ब्रिटनमधलाच ४३९ पेशंटचा अभ्यास आला, तुकडे २ मिलिमीटरच्या आत असतील तर आधी प्लास्टर आणि नाही जुळलं तर लगेच स्क्रू, असं केलं तरी वर्षाने हात तेवढाच चांगला. अट एकच, पहिल्याच दिवशी संशय घेतला पाहिजे आणि फॉलोअप सुटता कामा नये.


नंदगडकर | १५ जुलै, रात्री १०:३०

अपडेट देतो. अंगठी त्याच रात्री कापून काढलो, मावशी तुमचे उपकार विसरणार नाही, दोऱ्याने निघाली नाही पण तुम्ही रागावला नसता तर मी सकाळपर्यंत थांबलो असतो.

काल सात-आठ दिवसांचा एक्स-रे झाला. तालुक्याच्या डॉक्टरांनीच दोन फिल्म शेजारी लावून दाखवले, हाड सरकलंय आणि सांध्यात पायरी पडली आहे, मला सुद्धा दिसली. ते स्वतःच म्हणाले आता मी पण प्लेटच सांगतो, तुमच्या आई हाताने काम करणाऱ्या आहेत. दोघांचं एक झालं म्हटल्यावर माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

आता पैशाचं. बीपीएल कार्ड आहे. कुठली योजना लागेल, कर्नाटकची की आपल्या सीमाभागाला महाराष्ट्राची आली ती?


चंदगडी | १५ जुलै, रात्री ११:१५

बीपीएल असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के आणि वर्षाला दीड लाखाची मर्यादा. आधी सरकारी दवाखान्यात दाखवायचं, तिथं होत असेल तर तिथंच करतात, नसेल तर रेफरल देतात, इमर्जन्सीला रेफरल लागत नाही. रेशन कार्ड आणि आधारवर नाव एकसारखं आहे का आजच बघा, आमच्या पाहुण्यांचं एका अक्षरावरून दोन दिवस अडलं होतं.

महाराष्ट्राची महात्मा फुले जन आरोग्य योजना २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, आणि त्यावरून कर्नाटक सरकारने हरकत घेतली ते पेपरला गाजलंच. कोल्हापूरला किंवा मिरजेला न्यायचं असेल तर त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा माणूस) आधी फोन करून विचारा, गावाचं नाव सांगून. तिथं जाऊन विचारण्यात दिवस घालवू नका, तुमच्या हाडाला आता दिवस महाग आहेत.


मावशी_शहापूर | १६ जुलै, सकाळी ६:४०

संमतीचा कागद कन्नडमध्ये असतो बहुतेक ठिकाणी, नाहीतर इंग्लिश. आईला मराठीत वाचून दाखवायला सांग, सही तिची आहे. आपल्याकडे डॉक्टर, सिस्टर बऱ्याच जणांना मराठी येतं, नुसतं मागावं लागतं. मी ब्रदरला म्हटलं होतं, बाळा एकदा सावकाश सांग, त्यानी बिचाऱ्यानी पाच मिनिटं बसून सांगितलं.


नंदगडकर | २० जुलै, रात्री ९:१५

परवा ऑपरेशन झालं, बेळगावात, योजनेत बसलं. रेफरलला दीड दिवस गेला पण झालं. मनगटाच्या आतल्या बाजूने, नाडी बघतात त्याच्या शेजारी, बोटभर लांबीचा छेद आहे. एक्स-रेमध्ये प्लेट इंग्रजी टी सारखी दिसते, टोकाला बारीक स्क्रूंची रांग सांध्याच्या अगदी खाली. डॉक्टरांनी सांगितले की हे स्क्रू प्लेटमध्येच आटे घेऊन लॉक होतात, त्यामुळं हाड ठिसूळ असलं तरी धरून ठेवतात.

मानेजवळ सुई टोचून फक्त हात बधिर केले. संध्याकाळपर्यंत हात मेल्यागतच होता. आई डाव्या हातानी उजवा उचलून मांडीवर घेऊन बसलेली, हा माझा न्हवंच, कुणाचा तरी आणून ठेवलाय म्हणत होती. रात्री दोनला गुण उतरला आणि मग दुखायला लागलं. ज्यांचं व्हायचंय त्यांनी सिस्टरला विचारून गुण उतरायच्या आधीच दुखण्याची गोळी देऊन ठेवावी, आम्हाला माहीत नव्हतं.


फिजिओ_अनगोळ | २१ जुलै, सकाळी १०:००

छान. आता खरं काम. प्लेट घातली म्हणजे हाड धरलं, हात परत मिळवायचा बाकी आहे. बोटं आजपासूनच, मनगट डॉक्टर म्हणतील तेव्हापासून, बहुतेक दहा-पंधरा दिवसांत सुरू करतात. टाके सुकेपर्यंत पाण्यात नाही. आणि किटली, कळशी, पिळे पिळणं, म्हशीची धार, हे सहा आठवडे तरी बंद, त्यानंतर एक्स-रे बघून.

एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा. हात गरम, चकचकीत, घाम येतोय, कधी निळसर, आणि आग आग होतेय, नुसता पदर लागला तरी सहन होत नाही, असं दिसलं तर लगेच दाखवा. सीआरपीएस म्हणतात. ऑपरेशन चांगलं होऊनही होतं, प्लास्टरमध्येही होतं, आणि लवकर पकडलं तर आटोक्यात येतं. यात पेशंटला "तू नाटक करतेस" असं घरचे म्हणतात ते ऐकून मला फार वाईट वाटतं.


चंदगडी | २१ जुलै, दुपारी १२:२०

माझ्या बायकोचं मनगट नुसतं चिरलेलं, हललेलंही नव्हतं, प्लास्टर काढून तीन आठवडे झालेले. एके दिवशी काजू सोलताना अंगठा वर उचलेचना. दुखलं पण नाही. आत शीर घासून घासून तुटलेली. मग तर्जनीला दोन शिरा असतात त्यातली एक वळवून अंगठ्याला जोडली. पहिल्यांदा अंगठा उचलायला तिला मनात बोट उचलायचा विचार करावा लागायचा, महिन्याभरात सवय झाली. तर अंगठा टेबलावर ठेवून वर उचलतोय का ते अधूनमधून बघत राहा.


ऑर्थोवाला_मिरज | २१ जुलै, रात्री ११:००

@नंदगडकर आणखी एक, हे घाईत राहून जातं. ६७ वर्षांच्या बाईचं उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं म्हणजे हाडं ठिसूळ झाली आहेत का ते तपासायलाच हवं. डेक्सा स्कॅन आणि व्हिटॅमिन डी. आज मनगट मोडलंय, उपचार नाही घेतले तर उद्या मणका किंवा खुबा मोडू शकतो. मनगटवाले डॉक्टर मनगट बघतात, तुम्ही स्वतः विचारा.


नंदगडकर | १० ऑक्टोबर, रात्री ८:५०

बरेच दिवस लिहायला जमलं नाही, भाताच्या कामात होतो.

आईचा हात. पहिले दोन महिने वाकणं-उघडणं येत गेलं पण तळहात उताणा होत नव्हता. गणपतीत आरती झाल्यावर तीर्थ घ्यायला हात पुढं केली की पाणी करंगळीकडनं ओघळून जायचं, मग डावा हात खाली लावायची. फिजिओताईंनी सांगितलेलं कोपर कुशीला चिकटवून हातात लाटणं धरून आत-बाहेर फिरवायचं, ते रोज संध्याकाळी मालिका बघत करायची, आणि एखादा दिवस चुकला तर नातू आठवण करायचा. आता तीर्थ ओंजळीत राहतंय. भाकरी थापताना अजून मनगटावर जोर देत नाही, परातीत बोटांनीच फिरवते, त्यामुळं कडा जाड येतात, आम्ही खातो. धार काढायला सहा आठवड्यांनंतरच्या एक्स-रेनंतर परवानगी मिळाली पण एकाच म्हशीची, दुसरी मी काढतो.

डेक्सा केलो, हाडं ठिसूळच निघाली. आठवड्याला एक गोळी आहे, सकाळी उपाशीपोटी घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नाही अशी, आणि कॅल्शियम, व्हिटॅमिन डी. अंगणातलं शेवाळ ब्लिचिंग पावडर टाकून खरडून काढलो आणि गोठ्यापर्यंत खडबडीत शहाबादी टाकून घेतलो.

भावाला पण नेऊन आणलो. मधला सांधा उलटा वाकत नाही, दुखत नाही, त्यामुळं तसंच ठेवा म्हणाले. तो आता यष्टिरक्षणाला बोटांना टेप लावून उभा राहतो, आणि संघातल्या एका पोराला ऑगस्टमध्ये तसाच बॉल लागला तर त्याच संध्याकाळी स्वतः गाडीवर घालून स्प्लिंट लावून आणलाय. आठ आठवडे पुढच्या रविवारी पूर्ण होतात.

कापलेली अंगठी जोडायला सोनाराकडं न्यायची आहे. आई म्हणते थांब, पेर अजून किंचित जाड आहे, दिवाळी झाल्यावर माप देऊया.